माईक, गिटार, पेटी प्रीअँपला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या भजन मंडळांकडून, भीमगीतांच्या गायन पार्ट्यांकडून आणि घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मुलामुलींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं: वायरीतून काय येतंय हे न पाहता, पिन बसली म्हणून जोडणी केलेली असते. प्रश्न २ आधी वाचा. पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

१. प्रीअँप नेमकं करतो काय? माईक सरळ अँप्लिफायरला का लावता येत नाही?

माईकमधून येणारा सिग्नल फारच लहान असतो. शुअरचा एसएम५८ घ्या, १९६६ पासून गायकांच्या हातात असलेला. ९४ डेसिबलचा आवाज त्यावर पडला की तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. मोठे मिक्सर आणि स्टुडिओची यंत्रं १.२३ व्होल्टच्या सिग्नलवर चालतात. म्हणजे मध्ये जवळपास ६६५ पटींचं, ५६ डेसिबलचं अंतर आहे. ते भरून काढणारा पहिला टप्पा म्हणजे प्रीअँप. या टप्प्यावर जी खरखर मिसळते ती पुढे आवाजाबरोबरच मोठी होत जाते आणि नंतर काढता येत नाही, म्हणून याची काळजी सगळ्यात जास्त.

मिक्सरच्या प्रत्येक माईक चॅनलमध्ये आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (माईक, गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) प्रीअँप असतोच. ‘प्रीअँप घेऊ का?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांकडे तो आधीपासून असतो.

२. माईक, इन्स्ट्रुमेंट आणि लाइन अशी वेगवेगळी इनपुट का? पिन तर सगळीकडे बसते.

पिन बसते, पण दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली म्हणजे व्होल्टेज. माईक काही मिलिव्होल्ट देतो, गिटारचं पिकअप त्याच्या कितीतरी पट, आणि कीबोर्ड किंवा मिक्सरचं आउटपुट एक व्होल्टच्या आसपास पोचतं. घरगुती उपकरणांची लाइन पातळी थोडी कमी, ०.३१६ व्होल्ट, धरली जाते.

दुसरी गोष्ट इम्पिडन्स, आणि लोक अडकतात ते इथेच. तो ओहममध्ये मोजतात: सिग्नल देणाऱ्याचे ओहम कमी तितका त्याचा झरा जोरकस, आणि इनपुटचे ओहम कमी तितकी त्याची ओढ जास्त. आपल्याकडच्या विहिरीचं उदाहरण घ्या. झरा बारीक असेल आणि तुम्ही मोठी मोटार लावली, तर पाणी लगेच तळाला जातं. झरा जोरकस असेल तर तीच मोटार दिवसभर चालते. माईकचा झरा जोरकस आहे: त्याचा इम्पिडन्स साधारण १५० ते ३०० ओहम. म्हणून माईक इनपुट दीड ते तीन हजार ओहमचं असलं तरी भागतं. साध्या गिटार पिकअपचा झरा बारीक आहे. त्याला ओढ जवळजवळ नकोच, म्हणून इन्स्ट्रुमेंट इनपुट सुमारे १० लाख ओहमचं असतं. त्यावर ‘हाय-झेड’ किंवा ‘इन्स्ट’ लिहिलेलं दिसेल. लाइन इनपुट या दोघांच्या मध्ये, १० हजार ओहम किंवा त्याहून थोडं जास्त.

कुठलीही नवी वस्तू जोडताना स्वतःला एवढंच विचारा: सिग्नल किती मोठा, आणि झरा बारीक की जोरकस?

३. कॅनन केबल घेऊ की पी-३८? दुकानदार म्हणतो दोन्ही सारख्याच.

सारख्या नाहीत. पी-३८ म्हणजे गिटारला लागते ती पाव इंची गोल पिन. माईकसाठी दोन्ही टोकांना तीन पिनांची कॅनन, म्हणजे एक्सएलआर, असलेलीच केबल घ्या. पिन १ ला केबलची बाहेरची जाळी (शिल्ड), पिन २ ला सिग्नल आणि पिन ३ ला तोच सिग्नल उलटा. वाटेत ट्यूबलाइट, डिमर किंवा जनरेटरचा जो त्रास शिरतो तो २ आणि ३ वर सारखाच शिरतो. प्रीअँप या दोघांतला फक्त फरक घेतो, त्यामुळे गाणं राहतं आणि सारखा असलेला त्रास गळून जातो. बॅलन्स्ड म्हणतात ते हेच. मंडपात ३० मीटर केबल टाकूनही आवाज स्वच्छ येतो तो याच जोडणीमुळे.

स्वस्त माईकसोबत एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ मोनो अशी केबल मिळते. तिच्यात ही सोय नसते. शिवाय ती बहुधा लाइन किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये जाते, माईक प्रीअँपपर्यंत पोचतच नाही, आणि ‘माईक हळू आहे’ अशी तक्रार सुरू होते. तिच्याऐवजी कॅनन-कॅनन केबल लावली की अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

गिटार आणि कीबोर्डची पी-३८ मोनो केबल पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. जास्त अंतर हवं असेल तर डीआय बॉक्स लावा, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

४. कॉम्बो जॅकमध्ये कॅनन लावा की मधल्या भोकात पी-३८, फरक पडतो का?

पडतो. बहुतेक इंटरफेसवर बाहेरची तीन पिनांची जागा माईक प्रीअँपकडे जाते आणि मधलं गोल भोक लाइनकडे. ‘इन्स्ट’चं बटण दाबलं की ते गिटारसाठी होतं. ४८ व्होल्टही (प्रश्न ५) बहुधा फक्त कॅननलाच मिळतात.

५. ४८ व्होल्टचं बटण कधी दाबायचं? साधा माईक जळणार तर नाही?

कंडेन्सर माईकला वीज लागते, ती याच बटणाने केबलमधूनच जाते. याला फँटम म्हणतात. साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही, आणि केबल चांगली असेल तर तिचा त्रासही होत नाही. पिन २ आणि ३ दोन्हींवर एकसारखेच ४८ व्होल्ट असतात, त्यामुळे माईकच्या कॉइलच्या दोन टोकांत फरक शून्य राहतो आणि करंट वाहत नाही.

अडचण येते ती केबलचं सोल्डरिंग बिघडलं की. एक पिन जाळीला टेकली तर फँटमच्या वाटेतल्या ६,८०० ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ७ मिलिअँपिअर करंट माईकमध्ये शिरतो. डायनॅमिक माईक हे सहसा सोसतो. रिबन माईकमध्ये काही मायक्रॉन जाडीची अॅल्युमिनिअमची पट्टी असते, ती अशा झटक्याने ताणली जाऊ शकते. रिबन असेल तर फँटम बंद ठेवून जोडा. अपवाद फक्त ‘अॅक्टिव्ह’ लिहिलेल्या रिबनचा, त्याला फँटम लागतोच.

क्रम कायमचा पाठ करा: आधी आवाज खाली, मग केबल, मग ४८ व्होल्ट, मग दहा-पंधरा सेकंद थांबून आवाज वर. काढताना उलटा क्रम. चालू फँटमवर केबल उपसली की स्पीकरमध्ये जो धडाका होतो, त्याने ट्वीटर जातात.

६. गेन किती ठेवू? माझा आवाज एकतर फाटतो किंवा ऐकूच येत नाही.

गायकाला सगळ्यात जोरकस ओळ गायला लावा, ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ नको. कार्यक्रमात चढताना माणूस तालमीपेक्षा मोठ्यानेच गातो. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर मीटरची टोकं उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला भिडवायची काहीच गरज नाही. २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की खरखर वाढत नाही, आणि वर मोकळीक राहिली की तान फाटत नाही.

आवाज कमी येत असेल तर गेनच्या आधी अंतर बघा. मोकळ्या जागेत तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, फुकटात. मात्र फार जवळ गेलात की खर्ज फुगतो. चार बोटं अंतर बहुतेकांना मानवतं.

काही डायनॅमिक माईक मुळातच हळू असतात. शुअर एसएम७बी ९४ डेसिबलला फक्त १.१२ मिलिव्होल्ट देतो आणि साधारण ६० डेसिबल गेन मागतो. इंटरफेस तेवढा देत नसेल तर फँटमवर चालणारा छोटा बूस्टर माईक आणि इनपुटच्या मध्ये लावतात.

७. खंजिरीचा आवाज फाटून राहिला. फेडर खाली घेतला तरी फाटतोच.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आपल्या विदर्भात गावोगावी आहे, आणि साउंडवाल्यांना ती सगळ्यात जास्त छळते. थाप आणि चकत्या मिळून क्षणभरात इतकं टोक मारतात की सिग्नल प्रीअँपमध्येच फाटतो. फेडर, म्हणजे चॅनलची सरकपट्टी, त्याच्या पुढे बसलेला आहे. तो खाली घेतल्याने फाटलेला आवाज फक्त हळू होतो. गेन कमी करा. गेन तळाला जाऊनही फाटत असेल तर पॅडचं बटण दाबा, ते सिग्नल २० डेसिबलने, म्हणजे दहापट लहान करतं.

गेल्या वर्षी एका भजन मंडळाच्या रेकॉर्डिंगला सकाळपासून हाच झगडा चालू होता. शेवटी खंजिरीवाल्या काकांना माईकपासून दीड हात मागे बसवलं आणि माईक चकत्यांवरून काढून कातड्याच्या कडेकडे, जरा तिरका वळवला. पॅडही लागला नाही. काकांनी हेडफोन कानाला लावून दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, ‘आता कसं, माझीच खंजिरी वाजून राहिली!’ माईक कुठे बघतो आहे यावर घालवलेली पाच मिनिटं कुठल्याही बटणापेक्षा जास्त कामाची असतात, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

८. गिटार मिक्सरच्या माईक चॅनलला लावली तर दबकी वाजते, आणि व्हायोलिनचं चिकटवायचं पिकअप पातळ वाजतं. दोन्हीत दोष कसा?

दोष दोन्हीत नाही, दोघांनाही चुकीचं इनपुट मिळालं आहे. विहिरीचं उदाहरण (प्रश्न २) आठवा. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये तारेचं मोठं वेटोळं असतं आणि त्याचा इम्पिडन्स वरच्या सुरांना वाढत जातो. इनपुटची ओढ जास्त असली की आधी वरचे सूर जातात, आवाज दबका होतो. चिकटवायचं पिकअप पिझो जातीचं, ते कपॅसिटरसारखं वागतं. तिथे खालचे सूर आधी जातात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ होतो.

उपाय म्हणजे हाय-झेड इनपुट किंवा डीआय बॉक्स. डीआय गिटारचा सिग्नल घेऊन त्याला माईकसारखा लहान, जोरकस आणि बॅलन्स्ड करतो, मग तो लांब कॅनन केबलने नेता येतो. पॅसिव्ह डीआयमध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर असतो, तो कीबोर्डला उत्तम. बॅटरी नसलेल्या गिटारला आणि पिझोला अॅक्टिव्ह डीआय घ्या, तो बहुधा फँटमवरच चालतो. पिझोला तर १० लाख ओहमही कधी कमी पडतात, १ कोटी ओहमचा खास पिझो प्रीअँप लावला की खर्ज परत येतो. गिटारमध्येच बॅटरीचा प्रीअँप असेल तर यातलं काही लागत नाही.

९. कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा कुठे लावू?

दोन्ही लाइनमध्ये. लाइन रिकामी नसेल तर डीआयमार्फत माईक चॅनलला. अडॅप्टर जोडून सरळ माईक इनपुटमध्ये लावू नका, विशेषतः त्या चॅनलवर ४८ व्होल्ट चालू असताना. कीबोर्डच्या आउटपुटमध्ये ते व्होल्टेज उलटं शिरतं आणि सर्किट बिघडू शकतं. अनेक लहान मिक्सरांवर फँटमचं एकच बटण सगळ्या चॅनलांना लागू असतं, हे ध्यानात असू द्या.

तानपुऱ्याला फक्त हेडफोनचं भोक असेल तर चालतं, पण त्याआधी प्रश्न १० वाचा.

१०. मोबाइलवरचा ट्रॅक मिक्सरला लावला तर गायकाचा आवाजच गायब होतो, म्युझिक मात्र येतं. मोबाइल बिघडला का?

मोबाइल ठीक आहे, केबल चुकीची आहे. मोबाइलच्या पिनमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. ती पिन स्टिरिओ पी-३८ किंवा कॅननने बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर त्यांना पिन २ आणि ३ समजतो आणि दोघांतला फरक घेतो (प्रश्न ३). गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. उरतं ते बाजूबाजूचं संगीत आणि घुमाऱ्याचा भुताटकीसारखा अवशेष. तानपुरा किंवा ताल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो जवळजवळ पूर्णच गप्प होतो.

योग्य केबल म्हणजे एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसरीकडे दोन वेगळ्या मोनो पी-३८. त्या दोन चॅनलांना लावा.

११. सगळं जोडलं की घूंऽऽ असा आवाज येतो. बोट लावलं की कमी होतो. काय करू?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि हा आवाज तिचाच आणि तिच्या पटींचा आहे. तारेला बोट लावल्यावर कमी होत असेल तर गिटारचं किंवा केबलचं शिल्डिंग कमजोर आहे, किंवा अर्थिंगच नाही. बोटाने काही फरक पडत नसेल तर शक्यता अशी की दोन उपकरणांना दोन वेगवेगळ्या बोर्डांवरून अर्थ मिळतो आहे आणि केबलच्या जाळीतून एक फेरा तयार झाला आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, कितीदा तरी दोषी तोच निघतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. प्लगची अर्थची जाड पिन कापू नका, दोन पिनांच्या बोर्डात कोंबू नका. नागपूरच्या महाल भागातल्या एका गणेशोत्सवात घूं आवाज जावा म्हणून कुणीतरी गिटार अँपची पिन कापली होती. गाणारी मुलगी स्वतःच गिटार वाजवत होती. हात तारांवर, ओठ माईकच्या जाळीला टेकले आणि ती किंचाळून मागे झाली. आम्ही टेस्टर गिटारच्या ब्रिजला लावला तर तो लख्ख पेटला. माईक मिक्सरमार्फत अर्थला होता आणि गिटार नव्हती, मधली वायर ती मुलगी झाली होती. ओठ भाजण्यावर निभावलं. घूं आवाजाने कार्यक्रम बिघडतो, अर्थ नसल्याने माणूस जातो. मंडपाच्या बोर्डला अर्थ आहे की नाही हे गाणं सुरू होण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

१२. दोनच माईक आहेत. गाणं, पेटी आणि तबला कसं बसवू?

गाणारा स्वतःच पेटी वाजवत असेल तर एक माईक त्याच्या तोंडाकडे, पेटीच्या थोडा वर, म्हणजे पेटी खालून आपोआप येते. भात्याच्या बाजूला माईक नको, हवेची फुसफुस येते. दुसरा माईक तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, वीत-दीड वीत वर, किंचित डग्ग्याकडे कललेला. डग्ग्याची घुमक दुरून हरवते, तबल्याची चाट हरवत नाही.

१३. दोन्ही माईक चालू केले की आवाज पोकळ होतो. एकेक चांगला वाजतो.

एकच आवाज दोन माईकांवर वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि काही सूर एकमेकांना खातात. ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक मिलिसेकंद, तेवढ्यात ५०० हर्ट्झच्या आसपासचा सूर कोसळतो. दोन माईकांतलं अंतर, माईक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेवा.

ढोलकी किंवा पखवाजाच्या दोन्ही तोंडांना माईक असतील तर गोष्ट वेगळी. एक पुडी थापेने आत जाते तेव्हा दुसरी बाहेर येते, म्हणून दोन सिग्नल मुळातच उलटे असतात. अशा वेळी एका चॅनलवर वर्तुळावर तिरपी रेघ असलेलं बटण दाबून बघा. ज्या स्थितीत खर्ज भरून येतो ती ठेवा.

१४. वेगळा प्रीअँप घेऊन इंटरफेसला जोडला, तर खरखर उलट वाढली.

तुम्ही त्याचं आउटपुट इंटरफेसच्या माईक इनपुटला दिलं असणार. प्रीअँपमधून निघतो तो लाइन सिग्नल, तो लाइन इनपुटमध्ये घ्या आणि तिथला गेन तळाला ठेवा. फँटम फक्त पहिल्या प्रीअँपवर. माझं मत विचाराल तर दोन चांगल्या केबली, मजबूत स्टँड आणि शांत खोली हे तिन्ही होईपर्यंत वेगळ्या प्रीअँपवर पैसे घालू नका.

१५. मोबाइलचा कॉलर माईक मिक्सरला चालेल का?

साध्या अडॅप्टरने नाही. त्याला दोन ते पाच व्होल्टची वीज लागते, ती मोबाइल देतो, मिक्सर देत नाही. ४८ व्होल्ट उतरवून तेवढेच देणारा कॅनन कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. नुसती वायर जोडून ४८ व्होल्ट थेट दिले तर माईक जाऊ शकतो.

१६. एकच माईक मंडपाच्या मिक्सरला आणि माझ्या रेकॉर्डिंगला, दोन्हीकडे कसा देऊ?

माईक स्प्लिटरने. वाय केबलने काम चालतं, पण दोन्ही प्रीअँप मिळून माईकला जास्त ओढतात आणि दोन्हीकडून फँटम गेला तर घोळ होतो. फँटम एकाच बाजूने चालू ठेवा. ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर घूं आवाजही अडवतो. तोही नसेल तर साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरच्या ‘रेक आउट’ किंवा ऑक्झिलरीतून लाइन घ्या. फक्त लक्षात ठेवा, ‘रेक आउट’ला मेन आउटपुटचंच मिश्रण येतं, आणि त्यात गाणं मोठं आणि तबला लहान असतो, कारण तबला मंडपात तसाही ऐकू येतो.

१७. मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग होतच नाही. काही उपाय?

८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारं बटण) दाबला तर कूलरची घरघर कमी होते, पंख्याचा सोसाटा आणि पाण्याची टपटप राहते. माझ्याकडे रेकॉर्डिंग पहाटे पाच ते आठ ठेवतात. दुपारीच करायचं असेल तर खोली आधी तासभर गार करून घ्या, कूलर बंद करून एक अंतरा घ्या, पुन्हा चालू करा. माईकची पाठ खिडकीकडे ठेवा. कार्डिऑइड माईकला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं. आणि ४५ अंशांत बंद गाडीत कंडेन्सर माईक ठेवून जाऊ नका. पावसाळ्यात तोच माईक दमट हवेने तडतडतो, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि तडतड सुरू झाली तर एक रात्र कोरड्या जागी राहू द्या. दुरुस्तीला नेण्याआधी एवढं करून बघा.